काळ्या कागदातली शाई

छापलेल्या कागदावर अंगठा दाबायचा, जागच्या जागी पिळायचा आणि मग अंगठ्याकडे बघायचं. अंगठा कोरा निघाला की मास्तर म्हणायचे, "झाली. आता घासलीस तरी जायची नाही."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या शाईच्या कारखान्यात ते पंचवीस वर्षं रंग घोटत होते. शिक्षण बेताचं, ठाकुर्लीला दोन खोल्या, स्वभाव खवट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेटजींनी नवं खूळ घेतलं. इंकजेट मशिनसाठी अशी शाई हवी, जी अतिनील दिव्याखाली क्षणात सुकेल आणि एरवी ओलीच राहील. मास्तर दीड वर्ष तिच्या मागे होते आणि मी त्यांच्या हाताखाली. शाई जमली त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातला जवळा खाऊ घातला. तुम्हाला सांगतो, एरवी त्या डब्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

मग आले मॅनेजरसाहेब. डिग्रीवाले, पण जन्म गेला साध्या शाईत. त्यांनी शेटजींना खुशाल सांगितलं, शाई मी बनवली. मास्तरांना म्हणाले, "तुम्ही आता गोदाम बघा." मास्तर गुमान गेले. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर प्रत्येक बाटलीला काळा कागद गुंडाळायचे. दिव्यातले किरण उन्हातही असतात, म्हणून. साहेबांना त्याचं हसू यायचं. "देव्हारा आहे का हा, पडदे लावायला?" गिऱ्हाईक येणार होतं त्याच्या तीन दिवस आधी त्यांनी शाई काचेच्या बरणीत ओतली आणि रंग खुलून दिसावा म्हणून खिडकीत ठेवली. ऐन उन्हात. गोदामाच्या दारातून ते मास्तरांनी पाहिलं, मीही पाहिलं.

"सांगू का त्यांना?"

"तुला कोणी विचारलं? जा, चहा घे."

मी चहा घेतला. दोन घेतले.

शाईत बारीक गाठी झाल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या महागड्या मशिनची केसाएवढी भोकं त्याच्यासमोरच चोंदली. काय चुकलं ते साहेबांना सांगता येईना. शेटजी म्हणाले, "मास्तरांना बोलवा."

मास्तरांची अट एकच होती. शाई कोणी बनवली, ते साहेबांनी सगळ्यांसमोर सांगायचं.

सगळे जमले. साहेब बुटांकडे बघत म्हणाले, "शाई मास्तरांनी बनवली."

"मागच्यांना ऐकू आलं का?" मास्तरांनी विचारलं.

सगळ्यांत मागे मी होतो. शब्दन् शब्द ऐकला होता. "नाही," मी म्हणालो.

साहेबांना पुन्हा बोलावं लागलं, मोठ्याने. आवाज चिरकला त्यांचा. काय गार वाटलं म्हणून सांगू!

"आता?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते शेटजींना म्हणाले, "बरणी उन्हात ठेवायची नसते." एप्रन काढला, घडी करून टेबलावर ठेवला आणि गेले. शेटजींनी दोनदा माणूस धाडला, पण ते परत आले नाहीत.

मास्तर वारूनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की एकच चुटपुट लागते. दुसऱ्या वेळीही मी "नाही"च म्हणायला हवं होतं.