वाळलेल्या बागांची फेरी

माझ्या नणंदेचं नाव यमुनाबाई. स्वतः लग्न केलं नाही, पण सासुरवास काय असतो ते मला पुरेपूर दाखवलं. अडतीस वर्षं जमिनीच्या नकाशांच्या कचेरीत काढली, त्यामुळं शहरातल्या कुठल्या कॉलनीखाली कुणाची आमराई गाडली गेलीय ते त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावर माणसानं गुडघ्यांना तेल चोळत बसावं की नाही? छे! वन्संनी दरवर्षी रथसप्तमीला जुन्या बागांची फेरी काढायचं खूळ घेतलं. हिमायतबाग, मकबऱ्याची बाग, खुलताबादची बनीबेगम बाग. तिकिटाचे पैसे फुलंब्रीच्या मुलींच्या वसतिगृहाला. आणि दीडशे माणसांच्या चिवड्याच्या पुड्या कोण बांधणार? अर्थात मी.

दोन हजार सोळाच्या दुष्काळात मी हात जोडले. "वन्सं, यंदा राहू द्या. बागांमध्ये उरलंय काय बघायला?"

"वाळलेली बाग बघायला अक्कल लागते. हिरवी काय, शेळीलासुद्धा आवडते."

घ्या! पण खरं कारण वेगळं होतं. त्या वर्षी पैसे मोजूनही वसतिगृहाला टँकर मिळत नव्हता. एक मार्चपासून मुलींना घरी पाठवायचं घाटत होतं. "घरी गेलेल्या मुली परत येत नाहीत, वहिनी. त्यांच्या लग्नाच्या पत्रिका येतात," वन्सं म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

हर्सूलच्या पुढं, फुलंब्री रस्त्याला काकासाहेबांचा बंगला होता. वावरं विकून, प्लॉट पाडून गबर झालेला माणूस. वन्सं मला घेऊन त्यांच्याकडे पाणी मागायला गेल्या.

"ताई, विहीर कवाच आटली," काकासाहेब म्हणाले. त्यांच्या पाठीमागं हिरव्यागार लॉनवर कारंजं थुईथुई उडत होतं. वन्संनी कारंज्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि उठल्या. त्या अशा उठल्या की समजावं, डोक्यात काहीतरी शिजतंय.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा हजर, या वेळी जुन्या नकाशाची प्रत घेऊन.

"काकासाहेब, तुमची ही जागा म्हणजे निजामाच्या काळातली नामांकित बाग! यंदाच्या फेरीत पहिला मान तुमचा. हँडबिलावर तुमचं नाव, आणि फेरीचं हळदीकुंकू आवडाबाईंच्या हातून."

काकासाहेब कोचावरच फुगायला लागले. त्यांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, फक्त एवढंच विचारलं, "वाण काय द्यायचं?"

"तुमच्याकडे भरपूर असेल ते द्या," वन्सं म्हणाल्या. कसला तो साळसूद चेहरा!

मग जाहिरात. वन्संनी समर्थनगरात सांगितलं, सिडकोच्या बायकांनी निम्म्या जागा पटकावल्या. सिडकोत सांगितलं, समर्थनगरवाल्या म्हणतात तुम्हाला इतिहासातलं काय कळतं! चार दिवसांत दोन बस भरल्या. तिसऱ्या बसमध्ये वन्संनी वसतिगृहातल्या चाळीस मुली बसवल्या. एकीलाही चिवडा कमी पडता कामा नये म्हणे. माझी बोटं सोलून निघाली.

रथसप्तमीला दिवसभर करड्या बागा हिंडून संध्याकाळी सगळा लवाजमा बंगल्यावर उतरला. हिरवळ बघून बायकांची तोंडं उघडीच राहिली. काकासाहेब नवं जाकीट घालून माइकपाशी उभे. वन्संनी हळूच विचारलं, "विहिरीचं काही सांगा ना."

झालं! गडी सुटला. "दगडी बांधकाम! लई जुनं काम! बहात्तरच्या दुष्काळात आटली नाय, आन् आजबी चाळीस फूट पाणी हाय!"

टाळ्या सगळ्यात जोरात वन्संच्या. तेवढ्यात आवडाबाई प्लास्टिकच्या डब्यांचं ताट घेऊन आल्या. वन्संनी माइक घेतला. "आवडाबाई, डबे राहू द्या. तुमच्या घरी चाळीस फूट पाणी आहे, आत्ताच कळलं. या मुलींना पाण्याचं वाण द्या."

मला वाटलं, आता आपल्याला कुत्री सोडून हाकलतात. मी चपला शोधायला लागले. काकासाहेबांचा चेहरा उतरला होता. "आवो ताई, पन तसं..."

आवडाबाईंनी ताट खाली ठेवलं. पहिल्या मुलीला हळदीकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी तिच्या ओंजळीत घातलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "दिलं. पाऊस पडंस्तोवर रोज एक टँकर." दीडशे बायकांसमोर बायकोनं दिलेलं वाण माघारी कोण घेणार? काकासाहेबांनी कसंबसं हसून हात जोडले.

बस निघायच्या आधी वन्सं आवडाबाईंपाशी गेल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणापुढं ओशाळलेलं पाहिलं. "मी जरा फसवलंच तुम्हाला."

आवडाबाई खुदकन हसल्या. "मला? मला काय येडी समजलात व्हय? मी वाण काय द्यायचं म्हून इचारलं, तवाच तुमचा डाव वळखला. गुपचूप मला मागितलं असतं, तर यांनी नाय म्हनलं असतं. चारचौघीत मागायला कुनीतरी पायजेच व्हतं."

मग बसच्या खिडकीतल्या मुलींकडे बघत म्हणाल्या, "बहात्तरला मी पिशोरच्या शाळंत सातवीत व्हते, ताई. गावातलं पानी संपलं, आन् माझं लगीन लावून मला हितं धाडलं. हितल्या हिरीला पानी हाय म्हून."