निवडून घेतलेली वांगी

माझ्या आईच्या हाताला चव होती, असं आजही नातेवाईक सांगतात. तिचं वांग्याचं भरीत, तिची अंबाडीची भाजी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्या हातांना बाजारात भाजीला शिवायची मनाई होती, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगावंसं वाटत नाही.

आमचं गाव पुसदपासून पायी जाण्याच्या अंतरावर. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तीनचार वर्षं झाली होती. घरातले जुने देव गेले होते. वडील पांढरा सदरा घालून वस्तीत सभा घेत, ‘आता आपण कोणाच्या खाली नाही’ म्हणून सांगत. मी दहा-अकरा वर्षांची होते आणि त्यांचा शब्द न् शब्द मला खरा वाटे.

त्या हिवाळ्यात आई मला पहिल्यांदा पुसदच्या बाजारात घेऊन गेली. गोणपाटावर वांग्यांचा ढीग होता, जांभळी, तुकतुकीत, हिरव्या देठांची. शेजारी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. आई ढिगापासून चार हात दूर बसली आणि तिनं पदर पसरला. मला वाटलं, दमली असेल. तेवढ्यात भाजीवालीनं ढिगाखाली हात घालून मऊ पडलेली, किडकी वांगी काढली, तोलली आणि लांबूनच पदरात फेकली. एक आईच्या मनगटावर आपटून फुटलं.

मी पुढं होऊन ढिगावरचं एक चांगलं वांगं उचललं. भाजीवालीनं तराजूची दांडी माझ्या बोटांवर मारली.

“ठेव खाली! इटाळ करतं काय मालाले?”

आईनं माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, “चाल.”

घरी आल्यावर ती विळीवर बसली. किडकं कापून टाकलं, उरलं ते तुराट्यांच्या आगीवर भाजलं. हिरव्या मिरच्या ठेचल्या, पातीचा कांदा चिरला, वरून जवसाचं तेल सोडलं. घरभर वास सुटला. वडिलांनी भाकरीचा घास मोडला आणि बोटं चाटत म्हणाले, “वा! असं भरीत पुसदात कोणाच्या घरी नाही होत.”

माझी बोटं ठणकत होती. मी ताटली सरकवली.

“बाबा, हे सडके वांगे होते. तिनं फेकून देल्ले आईच्या आंगावर.”

वडील घास चावत राहिले. मग म्हणाले, “बाजार आहे तो, पोरी. तिथं भांडून पोट भरते काय?”

“मंग सभेत काहून सांगता? पुढच्या बाजाराले तुम्हीच जा ना!”

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. पण पुढच्या बाजाराला वडील खरंच निघाले. पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. मी छाती काढून त्यांच्या मागं चालले, माझ्यामागं आई. आता बघ म्हणावं त्या बाईला.

भाजीवालीनं मान वर केली. “किती पाहिजे?”

आणि माझे वडील दोन पावलं मागं सरले, खाली बसले, उपरणं पसरून धरलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अंगच तसं वळलं होतं त्यांचं. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढं ढीग दिसेना.

आईनं ते पाहिलं. लांबून वांगी फेकली जात होती तेव्हा जी कधी बोलली नाही, ती नवऱ्याचं पसरलेलं उपरणं पाहून बदलली. म्हणाली, “उठा तुम्ही. व्हा बाजूले.” मग सरळ गोणपाटापाशी जाऊन बसली आणि वांगी निवडू लागली. एकेक उचलायची, अंगठ्यानं दाबायची, देठ पाहायची. घाई नाही.

“वो बाई! हात काढ!” भाजीवाली किंचाळली. माणसं जमली. “आता हे कोण घेईन?”

“मी घेतो ना,” आई म्हणाली. “पैसे देतो, फुकट नाही मांगून राह्यलो. तोल.”

भाजीवालीनं तराजू उचलला नाही. तिनं तांब्यातलं पाणी ढिगावर शिंपडलं, आणि ते आईच्या तोंडावर उडालं. आईनं तोंड पुसलं, पैसे गोणपाटावर ठेवले, निवडलेली वांगी पदरात बांधली आणि उठली. तिच्या अंगावर जायची कोणाची हिंमत झाली नाही. वडील उपरण्याच्या घड्या घालत उभे होते.

त्याची शिक्षा मिळालीच. त्या सबंध हिवाळ्यात बाजारातल्या कोणी आमच्या वस्तीला भाजी दिली नाही. वस्तीतल्या बायाच आईवर चिडल्या. “तुले काय गरज होती? आता पोरायले काय घालाव?” मला त्यांचाही राग यायचा. आई ज्वारीच्या कण्या आणि वाळलेली अंबाडी शिजवायची. शेवटी जवळच्या बंजारा तांड्यावरची एक बाई आपल्या मळ्यातली टोपली घेऊन वस्तीत यायला लागली. पहिल्या दिवशी तिनं टोपली आमच्या दारात उतरवली आणि म्हणाली, “घे बाई, पाहून घे.” आईनं टोपली तळापर्यंत उलटी केली. तिला घ्यायची होती चारच वांगी, पण तिनं प्रत्येक वांगं हातात घेऊन पाहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारातल्या त्याच भाजीवालीनं निरोप पाठवला, या, निवडून घ्या. माल पडून राहत होता, दुसरं काही नाही. बाया गेल्या. आई गेली नाही, मीही आजवर गेले नाही. आणि वडिलांनी त्यानंतर बरीच वर्षं सभा घेतल्या. मी एकाही सभेला बसले नाही.