झुबेदाचा कागद

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण सत्तरी उलटली आणि हे पोटात ठेवून मला मरायचं नाही.

पवनीला आमच्या गल्लीत झुबेदा बांगड्या भरायला यायची. चाळीस वर्षं. मी ओट्यावर, ती खाली — असंच बसायचो. नगरपालिकेच्या मागच्या निवडणुकीला तिला तिकीट मिळालं. पक्ष मुसलमानांचा. आधी त्यांच्या सभेत मशीद आणि कब्रस्तान यापलीकडे बोलणं नसायचं. पण नुसत्या त्यांच्या मतांवर वॉर्ड निघत नव्हता, आमचीही हवी होती. म्हणून हिरवे झेंडे कमी झाले, भाषणं मराठीत आली, आणि घरोघर विचारणं सुरू झालं.

झुबेदा माझ्याकडे आली. "बाई, तुमाले काय पाहिजे ते सांगा. तेच छापतो."

मी म्हटलं, नदीच्या घाटावर बायकांना ओलं लुगडं बदलायला आडोसा नाही. चार भिंती बांधा.

कागद छापून आला. पहिलीच ओळ माझी — घाटावर बायकांसाठी खोली. मी चौथी शिकलेली. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना काहीही आलं की मीच वाचून दाखवायची. म्हणून झुबेदानं गठ्ठा माझ्याच हाती दिला. दुपारी बायका जमल्या. मी चष्मा लावला आणि —

काय सांगू? कोणी माझ्या तोंडात शब्द घातले होते का? नाही. मी वाचलं, की घाटाची जागा कब्रस्तानाला देणार. असं एक अक्षर त्यावर नव्हतं.

"पाह्य ना माय, म्हणूनच एवढी गोड बोलून राहिली," एक जण म्हणाली. बाकीच्यांनी माना हलवल्या. गठ्ठा मी चुलीत घातला.

तिच्या धर्माशी माझं वाकडं नव्हतं. बायकांना घाबरवायला तो हाताशी होता. माझं दुखणं निराळं — ओट्याखाली बसणारी उद्या खुर्चीवर बसणार, आणि मी तिच्यापुढे अर्ज घेऊन उभी राहणार? ते मला पचलं नाही.

ती पडली, थोडक्या मतांनी. आमच्या गल्लीनंच पाडलं. मग एक दिवस आली, बांगड्यांची टोपली न घेता. "बाई, तुमी त वाचून दाखवलं होतं ना? मंग काहून नाही देल्लं बायकाईनं मत? मुसलमान आहो म्हणून का?"

मी म्हटलं, "असल."

कागद खोटा वाचला त्यापेक्षा हा एक शब्द वाईट होता. त्या दिवसापासून ती गल्लीत आली नाही. बाजारात दिसली तर मान खाली घालून जाते — खरं तर मी घालायला हवी, घालते ती.

आता लिहिलं. बरं वाटतं — ते कशाला लपवू? झुबेदाला मराठी वाचता येतं. तुम्ही हे छापलंत तर तिच्या हाती पडेल. पडू दे. बायकांना कागदावर काय होतं ते ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

आज जेवताना दोन घास जास्त गेले.