सहाव्या चालीचा घोडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सोपानला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच. आज रविवार आहे, सकाळचे नऊ वाजलेत. दुपारनंतर सांगण्यासारखं माझ्या हातात काही उरेल असं वाटत नाही, म्हणून आता तुम्हाला सांगतो.

आमच्या भागात मला धाडसी म्हणतात. बुद्धिबळात, बरं का. एरवी मी वेल्ह्यात सरकारी टेबलावर बसणारा माणूस, संध्याकाळी गाडी काढून विंझरला घरी येणारा. पण भोरला किंवा वेल्ह्याला कुठं स्पर्धा असली आणि माझ्याकडे काळ्या सोंगट्या आल्या, की लोक माझ्या पटाभोवती जमतात. काळ्यानं आधी सांभाळून बसावं, असं सगळे शिकवतात. मी पहिल्या-दुसऱ्या चालीलाच प्यादं फुकट देतो आणि अंगावर जातो. गँबिट म्हणतात त्याला. काय छातीचा माणूस आहे, असं लोक म्हणतात. आणि मी — मी ते ऐकून घेतो.

छाती कसली? समोरच्याला उत्तर माहीत नाही याची खात्री असल्याशिवाय मी आयुष्यात एक प्यादंही दिलेलं नाही.

सोपान माझ्याबरोबर भोरच्या कॉलेजात होता. भाटघर धरणाच्या पाण्यावरच्या डोंगरातली धनगरवाडी त्याची, घरी मेंढरं. बुद्धिबळ त्यानं कॉलेजात येईपर्यंत पाहिलंही नव्हतं. पण लहानपणापासून मेंढरांमागे कातळावर रेघा ओढून वाघ-बकरी खेळलेला. खड्यांच्या बकऱ्या, खड्यांचे वाघ. सहा महिन्यांत तो माझ्या बरोबरीला आला. वर्षभरात पुढे गेला. हे मला त्याच्याही आधी कळलं होतं — मत्सर असाच असतो, नाही का? ज्याचा करायचा त्याच्याआधी आपल्यालाच सगळं कळतं.

विद्यापीठाच्या निवडीला कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. शेवटी आम्ही दोघंच उरलो. एक डाव, हरेल तो घरी. काळ्या सोंगट्या सोपानकडे, हे खेळाच्या सरांनी चार दिवस आधीच जाहीर केलं होतं.

माझ्याकडे एक कागद होता. पुण्यातल्या रद्दीवाल्याकडच्या एका जुन्या पुस्तकातून मी स्वतः उतरवून घेतलेला. त्यात काळ्यासाठी एक गँबिट होता. पहिल्याच चालीला प्यादं द्यायचं, मग वजीर थेट पांढऱ्याच्या घरात घुसवायचा. सहाव्या चालीला पांढऱ्यानं घाईनं वजिरावर उंट घातला, की पुढच्या दोन-तीन चालींत तो मेला. पण कागदाच्या तळाला आणखी दोन ओळी होत्या. उंटाऐवजी घोडा बाहेर काढला, तर काळ्याचं काही चालत नाही. तो लगेच मरत नाही. त्याचा वजीर नुसता जीव वाचवत पळत राहतो आणि मागे सगळं ढासळत जातं.

त्या दोन ओळींची पट्टी मी फाडली. फूटपट्टीनं नीट घडी घालून, नखानं दाबून, हळूच. राग आला म्हणून नाही, घाईतही नाही. वरचा कागद मी सोपानला दिला आणि सांगितलं, की ही चाल माहीत असली तरी पांढऱ्याकडे तिला उत्तर नसतं, मी काळा असतो तर तुझ्यावर हीच खेळलो असतो. त्यानं कागद वाचला, डोळे मिटून मनात पट मांडला आणि हसला.

"बकरू द्याचं आन् वाघ कोंडायचा. हे तर आमचंच हाय की."

डाव कसा झाला ते सांगायला नकोच. त्यानं प्यादं दिलं. सहाव्या चालीला मी घोडा काढला. काढताना मी थोडा वेळ विचार केल्याचं नाटकही केलं. दोन तासांनी त्यानं राजा आडवा केला.

तुम्ही म्हणाल, खेळात असं होतं. थांबा. हे एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. डाव संपल्यावर तो माझ्यामागे व्हरांड्यात आला आणि त्यानं विचारलं, "म्या कुठं चुकलो रं?"

आणि मी त्याला चूक दिली. नसलेली चूक. नवव्या चालीला तू राजाकडचा घोडा आधी काढायला हवा होतास, म्हणालो. चाल चांगली होती, तूच घाई केलीस. त्यानं मान हलवली. माझं डोकं तेवढं चालत नाही, असं काहीतरी पुटपुटला. परीक्षाही न देता तो वर्षाच्या शेवटी मेंढरांकडे परत गेला. मी संघात गेलो, संघाला पदक मिळालं, त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंसाठीच्या राखीव जागेतून ही नोकरी लागली. माझ्या लग्नाला तो स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी घेऊन आला होता.

वीस वर्षं गेली. सोपान पुन्हा कधी स्पर्धेत बसला नाही. पण त्यानं त्याच्या पोरीला शिकवलं. कोमल तिचं नाव, नववीत आहे. महिन्यापूर्वी ती तालुक्यात पहिली आली आणि पुण्याच्या स्पर्धेआधी काकांकडून चार गोष्टी शिकाव्यात म्हणून तो तिला घेऊन विंझरला आला. त्यानं पिशवीतून माझा कागद काढला. लॅमिनेट करून घेतला होता. खालची फाटकी कडा प्लॅस्टिकमध्ये तशीच, सरळ.

पोरीनं पट मांडला. बापाचा जुना डाव लावत सहाव्या चालीला पांढऱ्याचा घोडा काढला आणि विचारलं, "काका, आप्पा नेमके कुठं चुकले व्हते?"

नवव्या चालीला, मी म्हणालो. लगेच म्हणालो. वीस वर्षं ते उत्तर तोंडात तयारच होतं. तिनं मी सांगितलेली चाल लावली, पुढे खेळली आणि हरली. परत लावली. परत हरली. मग तिनं तो कागद उचलून उजेडाकडे धरला आणि फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. काका सांगतोय ते ध्यानात ठेव, असं सोपान तिला म्हणाला आणि चहाचा कप उचलला. त्या दिवसापासून मोबाईल वाजला की मी आधी नाव बघतो.

परवा वाजला. सोपानच होता. पोरगी पुण्यात शेवटच्या डावात काळ्या सोंगट्यांनी खेळली, साधंसुधं खेळली, जिंकली, निवडली गेली. तुझी चाल मात्र खेळली नाही, म्हणाला. मग गप्प झाला. मागे मेंढरं ओरडत होती. तेवढ्या वेळात मी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

"पोरगी म्हणती," तो म्हणाला, "आप्पा, तुमी कुठंच चुकला न्हवता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"रविवारी येतो. पट मांडून ठिव. ह्या बारीला पांढऱ्या म्या घेनार."

पट मांडलाय, त्यानंच दिलेल्या घोंगडीवर. ती पट्टी मी फेकली नव्हती. नोकरीच्या कागदांच्या फायलीत, त्या प्रमाणपत्राच्या मागे ठेवली होती. का ठेवली, मला माहीत नाही. आज काढून पटाशेजारी ठेवली आहे, अक्षरं वर करून. भोरकडून येणाऱ्या रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला, की बायको दाराकडे बघते आणि माझा मित्र आला का, विचारते.

आत्ताही एक आवाज येतोय. काळ्या सोंगट्या माझ्या बाजूला आहेत.