माळेतली थोरली

“मॅडम, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या, की मधला तुकडा बदललेला आहे. बाकी आम्ही घरात बघून घेऊ.”

संदीप हे बोलला तेव्हा माळ अजून माझ्या हातातही आली नव्हती. आणि ज्यांनी तो तुकडा बदलला असा त्याचा संशय होता, त्या त्याच्या निर्मलाकाकू शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर स्टीलचा डबा, आणि डब्यावर दोन्ही हात घट्ट.

मी दागिन्यांची व्हॅल्युअर आहे. दागिना कशाचा, किती जुना, खरा की नकली, हे तपासून लिहून देणं हे माझं काम. नाशकात शरणपूर रोडला माझं लहानसं ऑफिस आहे. लोकांना वाटतं, हिच्या टेबलावर दिवसभर हिरे-माणकं चमकत असतील. प्रत्यक्षात माझ्यासमोर बहुतेक वेळा एकाच घरातली माणसं बसलेली असतात, एकमेकांकडे न बघता.

मी विचारलं, “झालं काय ते आधी सांगा. लिहायचं काय ते मी ठरवते.”

झालं होतं ते असं. कुटुंब नाशिकजवळच्या मखमलाबादचं, फुलशेती करणारं. संदीपच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि तिला घरातली पुतळ्यांची माळ घालायची होती. पुतळी म्हणजे नाण्याएवढी सोन्याची चकती, तिच्यावर ठशानं लक्ष्मी उमटवलेली. अशा चकत्या ओळीनं ओवल्या की पुतळ्यांची माळ. ही माळ संदीपच्या पणजीची. संदीपची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून घर, माळ आणि संदीप हे सगळं निर्मलाकाकूंनीच सांभाळलं. त्यांना स्वतःचं मूल नाही.

पॉलिश करायला म्हणून त्यानं माळ नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात नेली. काउंटरवरच्या माणसानं ती कॅरेट मशीनमध्ये ठेवली. हे मशीन दागिना न तोडता सोनं किती शुद्ध ते दाखवतं. सगळ्या पुतळ्या चोख निघाल्या. मधला तुकडा मात्र हिणकस. “हा नंतर घातलेला दिसतो,” तो माणूस म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. त्याचं काम झालं. इकडे घरात काकूंनी दोन दिवस जेवण सोडलं होतं.

“बाई, मी घेतलं नाय काय,” काकू पहिल्यांदाच बोलल्या. “पण तुमच्या कागदात मी चोर ठरले तर मी त्या घरात राहणार नाय. साखरपुड्याच्या आधीच जाते माहेरी.”

“काकू, मी चोर म्हटलंय का? मी म्हणतो बदललाय. कोणी बदलला ते तू सांग.”

“कपाटाची किल्ली माझ्याकडंच. मंग दुसरं कोन?”

मला संदीपचा राग आला. पण राग आला की मी आधी लूप डोळ्याला लावते. लूप म्हणजे आमचं छोटं भिंग. त्यातून बघताना बोलता येत नाही, आणि ते अशा वेळी बरं असतं.

माळ कापडावर पसरली. पुतळ्या लख्ख होत्या. जरा जास्तच लख्ख. मी वास घेतला.

“टूथपेस्ट लावली?”

“यूट्यूबवर होतं,” संदीप म्हणाला.

टूथपेस्टनं सोनं चमकतं आणि त्याच्यावरच्या बारीक खुणा घासून जातात. लोक दात घासायला आळस करतील, दागिने मात्र मन लावून घासतील. नशिबानं मधला तुकडा तसाच काळपट होता.

“हा नाही घासलात?”

“काकूनं घासू दिला नाही. मी ब्रश घेतला तर हातातून ओढला. तिथंच मला शंका आली.”

“थोरलीला बरश लावतात का कुठं?” काकू म्हणाल्या.

“थोरली कोण?”

“ही मधली. गडावरची देवी. सप्तशृंगी. आमच्या सासूबाई तिला थोरलीच म्हणायच्या. लगीन असो, सण असो, आधी थोरलीला कुंकू, मंग आपल्याला.”

मी तुकडा नीट बघायला घेतला. तो पुतळी नव्हताच. पुतळी ठशाखाली दाबून काढतात. हा पातळ पत्रा मागून ठोकून पुढे आकृती उठवलेला होता. अशा कामाला टाक म्हणतात. देवघरात खंडोबाचे, देवीचे टाक असतात तसाच. म्हणजे दुकानदार अर्धा बरोबर होता. हा तुकडा वेगळ्या हाताचा आणि वेगळ्या सोन्याचा होता. प्रश्न एवढाच, की तो माळेत आला कधी.

त्याचं उत्तर शेजारच्या पुतळ्यांनी दिलं. टाक जवळजवळ चौकोनी होता. वरचे दोन्ही कोपरे दोन्ही बाजूंच्या पुतळ्यांना टेकत होते, आणि ते टेकत तिथं दोन्ही पुतळ्यांच्या कडेला खोलगट खाच पडलेली होती. चोख सोनं मऊ असतं, घासलं की झिजतं. कोपरे खाचेत असे बसत होते, जसा रोजचा पाट्यावरचा वरवंटा.

मी लूप संदीपच्या हातात दिला आणि त्याला खाच दाखवली.

“दिसते,” तो म्हणाला. “पण काकूकडे माळ बरीच वर्षं आहे. तेवढ्यात पडली असेल.”

प्रश्न बरोबर होता, हे कबूल करायला हवं. मी काकूंना विचारलं, “ही माळ तुम्ही कितीदा घालता?”

“लग्नाकार्यात. नायतर डब्यात. फुलं खुडताना पुतळ्या घालून काय करू?”

“आणि त्याआधी रोज कोण घालायचं?”

“आजेसासू. मी पाहिल्या नाय, पण म्हणतात, झोपतानापन काढायच्या नाय.”

“मग ही खाच त्यांच्या गळ्यात पडलेली आहे,” मी संदीपला म्हटलं. “वर्षाकाठी दोन लग्नांत घालून एवढं सोनं झिजत नाही. त्याला रोजचं अंग लागतं. हा टाक तुमच्या पणजीच्या वेळेपासून इथंच आहे.”

काकूंनी डब्यावरचे हात पहिल्यांदा सैल केले. संदीप मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. “मग पणजीनं एवढ्या चोख माळेत असा हलका तुकडा घातलाच का?”

हा प्रश्न मलाही पडला होता. देवाचा टाक देवघरात पूजेला असतो, गळ्यातल्या माळेत तो ओवलेला सहसा दिसत नाही. मी परत लूप लावला. सप्तशृंगीला अठरा हात. हिला दोनच. शस्त्र नाही, मुकुट नाही, वाहन नाही. साधी उभी बाई, डोक्यावर पदर. नाक, ओठ अजून धारदार होते, पण कपाळ पार गुळगुळीत झालेलं. दागिना गळ्यात झिजतो तेव्हा सगळा झिजतो. फक्त कपाळच झिजलंय म्हणजे तिथं बोट फिरलंय, पुन्हा पुन्हा. भुवयांच्या खाचेत लाल कण होते, मेणात बसलेले. पूर्वी बायका कपाळाला मेण लावून वर कुंकू लावत, तसे.

गळ्यात घालायचा टाक मी या कामात फार थोड्या वेळा पाहिला आहे. तो काय असतो हे मला ठाऊक होतं. पण परक्या घरात ते एकदम बोलायचं कसं? मी घुटमळत विचारलं, “तुमच्या पणजोबांचं आधी एक लग्न झालेलं होतं का?”

संदीप ताठ झाला. “मॅडम, आमच्या घरात तसलं काही नाही.”

“तसलं म्हणजे कसलं? विचारा तर कोणाला.”

काकूंनीच सुचवलं, कळवणच्या आक्कांना फोन लाव. आक्का म्हणजे काकूंची नणंद, संदीपची आत्या, घरातली आता सगळ्यात वयस्कर बाई. त्यानं फोन स्पीकरवर ठेवला.

“आत्या, पणजीच्या माळेतली मधली...”

“थोरली? काय झालं तिला?” आवाज एकदम काळजीचा.

“काही नाही. ती गडावरची देवीच ना?”

पलीकडे हसू आलं. “देवी कशाला आसंल रं? आजीची सवत हाय ती.”

काकूंनी खुर्ची फोनजवळ ओढली.

“आमची आजी दुसरेपनाची,” आक्का सांगत होत्या. “पहिली बाळंतपनात गेली. मंग आजीला करून आनली. तवा गेलेल्या बाईचा टाक करून गळ्यात घालायची रीत होती, म्हंजी तिचा जीव दुखू नाय. आजी नवं लुगडं नेसायच्या आधी तिला कुंकू लावायची. म्हनायची, आधी थोरली, मंग मी.”

“आक्का, तुम्ही कधी बोलल्या नाय,” काकू म्हणाल्या.

“मला वाटलं तुमाला ठावं हाय. कुंकू तर लावता ना?”

“लावते की. पण देवी म्हणून.”

“आसू दे. पोचलं तिला.”

“तिचं नाव काय होतं?” काकूंनी विचारलं.

“नाव नाय गं माहीत. आजी थोरलीच म्हनायची.”

फोन बंद झाला. काकूंनी माळ स्वतःकडे ओढली आणि त्या बाईकडे बघत राहिल्या. मलाही गलबलून आलं. एक बाई बाळंतपणात गेली, नावसुद्धा उरलं नाही, आणि घरातल्या तिसऱ्या पिढीची सून अजून तिला आपल्याआधी कुंकू लावते आहे.

संदीप उठला. “बरं झालं काकू, मिटलं. चल, उशीर होतोय.”

“मिटलं नाय. आधी म्हण.”

“काय म्हणू?”

“काकूनं घेतलं नाय, म्हण. या बाईंच्या देखत बोलला होता, आता यांच्या देखतच म्हण.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मदत केली नाही.

“काकूनं घेतलं नाही,” तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण वाक्य पूर्ण होतं. मग त्यानं माळ उचलून डब्यात ठेवली आणि डबा काकूंच्या मांडीवर ठेवला. “किल्ली तुझ्याकडंच राहू दे.”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: पुतळ्यांची माळ, मध्ये एक टाक, मूळचाच. टाकाचं वर्णन लिहिताना काकूंना विचारलं, “स्त्रीची आकृती लिहू?”

“थोरली लिहा,” त्या म्हणाल्या. “निदान कागदावर काहीतरी नाव लागू द्या तिला.”

आमच्या नमुन्यात अशा शब्दाला जागा नाही. मी लिहिला.

साखरपुड्याचा फोटो संदीपनं पाठवला. मुलीच्या गळ्यात माळ होती. मी फोटो मोठा करून पाहिला. थोरलीच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, नवरीच्या कपाळावर अजून नव्हतं.

तेव्हापासून दागिना आला की मी मशीनकडे नंतर जाते. आधी विचारते, याला तुमच्या घरात काय म्हणता? आणि त्याच्याही आधी विचारते, टूथपेस्ट लावली का?