आधीच केलेली टिक

तळोद्याला आमच्या वसतिगृहात मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि कॉम्प्युटर जागचा हलेना. दुरुस्तीला आलेल्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाहीने स्क्रीन पुसून तो आत घुसलेल्या एकेका प्रोग्रामला दरडावू लागला, "तुले कोनी बलावं रे?"

"मी तर फक्त पीडीएफचा प्रोग्राम अपडेट केला," मी म्हणाले.

"त्यानासंगे ह्या चार पाहुना उनात, ताई. अपडेटनी ही चौकट देखा, टिक पहिलेच मारेल शे."

माझं डोकंच फिरलं. मी रोज कामांची यादी करते आणि तिच्यावरची टिक माझ्याशिवाय कोणी करत नाही. इथे कुठल्याशा कंपनीने माझा होकार परस्पर भरून टाकला होता, आणि त्यापायी डोंगरातून शिकायला आलेल्या मुलींचं वर्ष अडलं होतं!

"काढू का?" प्रत्येक प्रोग्रामपाशी तो थांबून विचारायचा.

"विचारता काय? काढा सगळे!"

"कॉम्प्युटर तुमना शे, ताई. हो तुम्हीच म्हना."

पाच वाजायच्या आत सगळे अर्ज गेले. त्या घाईतही त्याने चार वेळा विचारलं, आणि माझा हो ऐकल्यावरच बटण दाबलं.