मोज्यांची घडी

"आजोबा, आईने विचारलं तर काय सांगू?"

"काय सांगायचंय? मजा आली म्हण."

"आणि पाण्यात पडलो ते?"

"पडलास कुठे रे? एक पाय आत गेला. त्याला काय पडणं म्हणतात?"

"दोन गेले," चार वर्षांची धाकटी म्हणाली. "मी मोजले."

"तू गप गं. मोजणारी आलीय मोठी."

म्हातारा इस्त्रीवाला नातवंडांना घेऊन झपाझप आपल्या दुकानाकडे निघाला होता. मोठ्याचे बूट पावलागणिक पचपचत होते. मागे ते रान पसरलं होतं, इमारतींच्या तावडीतून कसंबसं सुटलेलं. गुडघाभर गवत, काटेरी झुडपं, लोकांच्या पायांनीच पडलेल्या वाटा आणि मध्ये लव्हाळ्यांनी वेढलेलं तळं.

म्हाताऱ्याला गल्लीत सगळे घडीवाले म्हणत. कापड हाताला लागलं की त्याची घडी घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बायको गेली त्या दिवशीसुद्धा त्याने तिच्या अंगावरची चादर काढली आणि आधी तिची नीट घडी घातली, मग रडायला बसला.

मुलगा तीन वर्षांपूर्वी बायकोपोरांना टाकून दुसऱ्या शहरात नवा संसार मांडून बसला होता. बापालाही त्याचा फोन नाही. सून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर. सासऱ्याशी तिचं काही उरलं नव्हतं. तरी दर रविवारी दहा ते एक ती पोरं त्याच्या हवाली करी. अट एकच, तळ्याकडे जायचं नाही. मोठ्याचे पाय भिजले की छाती भरायची आणि आठवडाभर शिट्टी वाजायची. म्हाताऱ्याचे बाकीचे सहा दिवस "कधी देताय?" आणि "संध्याकाळी या" एवढ्या बोलण्यात संपत. हे तीन तास गेले तर त्याच्याकडे लोकांचे कपडे तेवढे उरणार होते.

हे सगळं ठाऊक असून तो आज तळ्याकडे गेला. धाकटीला बदकाची पिल्लं बघायची होती. "लांबूनच हं," म्हणत म्हणत तिघे काठाला पोचले आणि मोठ्याच्या पायाखालची माती ढासळली.

दुकानात त्याने पोराला गाठोड्यावर बसवून पाय टॉवेलात गुंडाळले.

"हा कोणाचा आहे?"

"डॉक्टरीणबाईंचा. बस निवांत, चावत नाही."

मोजे नळाखाली धुतले, करकचून पिळले. बुटांत कागदाचे बोळे कोंबले. ओलं बोट इस्त्रीला लावलं, चर्र झालं. मग मोजे मेजावर ठेवून तो वाफ निघायची थांबेपर्यंत इस्त्री दाबत राहिला. कोरडे, गरम मोजे पोराच्या पायांत चढवले तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"आईला सांगायचं नाही हं. आपलं आपल्यात."

मोठ्याने मान हलवली. धाकटीने तोंडावर बोट ठेवलं.

एकला पाच मिनिटं असताना तिघे रानाच्या फाटकाशी उभे राहिले. सून वेळेवर आली. धाकटीला कडेवर घेतलं. मोठ्याकडे एकदा वरून खाली बघितलं आणि तिची नजर त्याच्या पायांवर थांबली.

"तळ्याकडे गेला होतात?"

"नाही बुवा," म्हातारा म्हणाला. "वरच्या वाटेने हिंडलो."

"काय रे?"

"नाही गेलो," मोठा म्हणाला. आईच्या डोळ्याला डोळा न देता, बाजूच्या झुडपाकडे बघत.

सून खाली वाकली. धाकटीचे मोजे घोट्याशी गोळा झालेले, त्यांना कुसळं चिकटलेली. मोठ्याचे मोजे पोटरीपर्यंत ताठ उभे, आणि दोन्ही नडग्यांवर वरून खाली एकेक धारदार घडी. साहेबाच्या पँटीला असते तशी. म्हाताऱ्यानेही तेव्हाच बघितलं. हाताने आपलं काम परस्पर करून टाकलं होतं.

"बाबा, मोज्यांना इस्त्री कोण करतं हो?"

म्हातारा वाकून त्या घड्या बोटांनी मोडू लागला.

"भिजला, असं सरळ सांगितलं असतंत, तर मी चिडले असते, औषध दिलं असतं, विषय संपला असता. पण आत्ता तो कसा बोलला बघितलंत? तिकडे झुडपाकडे बघून? तुमचा मुलगा अस्साच बोलायचा माझ्याशी."

"चुकलं माझं, बाई."

"हं."

"पुढच्या रविवारी मी दहाला इथे..."

"बघू. मी करीन फोन."

ती निघाली. मोठ्याने दोनदा मागे वळून बघितलं. धाकटी आईच्या खांद्यावरून अजून तोंडावर बोट ठेवून होती. वळणापर्यंत तिने ते काढलं नाही.

म्हातारा फाटकाशी उभा राहिला. माणसं येत होती, जात होती. एका कुत्र्याने येऊन त्याचा पायजमा हुंगला. त्याने त्यालाही हाड म्हटलं नाही.

दुकानात इस्त्री तशीच चालू राहिली होती. मेजावरच्या जाड कापडावर दोन छोट्या पावलांचा ओला मातकट डाग उठला होता. त्यावर पांढरा शर्ट टाकायची सोय नव्हती. तो डाग वाळेपर्यंत थांबला, वर स्वच्छ फडकं पसरलं, फोन नीट दिसेल असा फळीवर उभा करून ठेवला आणि गाठोड्यातला पहिला शर्ट ओढून कॉलरपासून सुरुवात केली.